मागीलदारचं तळं : रत्नागिरीजवळच्या एका घरातले तीन पावसाळे

जुलै २०२२. सकाळी सकाळी वहिनीचा फोन, "भावजी, तळं फुगलंय. येऊन बघा जरा." पाणी वाढलं असेल असं समजून मी छत्री घेऊन निघालो. मागीलदारी जाऊन बघतो तर पाणी वाढलेलं नव्हतंच, तळ्याचा तळ वर आला होता. काळ्या प्लास्टिकची भलीमोठी पाठ पाण्याबाहेर निघालेली, डुंबणाऱ्या म्हशीसारखी. तिच्या दोन्ही अंगांना उरलेल्या वीतभर पाण्यात मॉली मासे दाटीवाटीने फिरत होते. दादा काठीने ती पाठ खाली दाबत होता. इकडे दाबली की तिकडे वर यायची.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तीस वर्षं डोंबिवलीत काढली, त्यातली वीस काचेच्या टाक्यांच्या संगतीत. एंजल, गुरामी, मॉली, सगळं पाळून झालेलं. निवृत्तीनंतर गावच्या घरी आला आणि पहिल्याच दिवाळीत म्हणाला, "आता काच नको. मागीलदारी तळं करू. इथे हीटर लागत नाही, जागा फुकट आहे, विहिरीला पाणी आहे. अजून काय पाहिजे?" मीही मासे पाळतो आणि नोंदवह्या ठेवायची खोड आहे, म्हणून पुढचं सगळं तारखांसकट माझ्याकडे आहे.

हीटरचं त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पुण्याला हिवाळ्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तिथे उघड्यावर एंजल ठेवणं म्हणजे दरवर्षी देवाला साकडं. रत्नागिरीच्या पट्ट्यात थंडीतही सावलीतलं तळं सहसा २२-२३ अंशांच्या खाली जात नाही आणि मे महिन्यात ३० च्या आसपास राहतं. ब्राझील किंवा थायलंडच्या माशाला याहून वेगळं काही लागत नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी डोकं चालवलं ते उन्हाळ्यावर. विहीर एप्रिलात तळाला जाते, मग तळं भरायचं कशाने? पाणी टिकवायचं कसं? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात बसून आम्ही टंचाईचा हिशेब करत होतो.

घर रत्नागिरी आणि लांजा यांच्या मधल्या एका वाडीत, कातळाच्या उतरणीवर. मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर आणि जुनी डोण (पाणी साठवायची कुंडी), मग पोफळी-नारळांचं आगर, आणि आगराच्या टोकाला पऱ्या, म्हणजे ओढा. जमीन म्हणजे चार बोटं माती आणि खाली जांभा. जांभ्याला जागोजाग भोकं. त्यात खड्डा काढून पाणी ओतलं तर संध्याकाळपर्यंत खड्डा कोरडा. म्हणून दादाने शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद आणला. (प्लास्टिकला कागद का म्हणतात ते विचारू नका, दुकानात तोच शब्द चालतो.) मे महिन्यात दहा बाय सहा फुटांचा खड्डा, त्यात जुनी गोणपाटं, वर कागद, कडेला चिरे. दोन दिवसांत तळं तयार. दिसायलाही झकास.

ज्या भोकांतून उन्हाळ्यात पाणी खाली जातं, त्याच भोकांतून पावसाळ्यात ते वर येतं, हे विहिरीकडे बघूनसुद्धा आमच्या ध्यानात आलं नाही. जुलैत त्या विहिरीचं पाणी हाताने घेता येतं, म्हणजे जमिनीखालचं पाणी पार वर आलेलं असतं. तळं काठोकाठ होतं तोवर आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला दाबून होतं. आदल्या संध्याकाळी दादाने गाळ काढायला म्हणून निम्मं पाणी उपसलं. आतलं वजन गेलं, खालच्या पाण्याला वाट मिळाली आणि रात्रीतून कागद उचलला गेला. काठीने दाबून काय होणार? उपाय एकच होता, पुन्हा पाणी भरणं. ते भरलं, पाठ हळूहळू बसली, पण कागद दोन ठिकाणी चिऱ्याच्या धारेला लागून फाटला होता. गणपतीपर्यंत तळं गळून गेलं. मॉली डोणीत गेल्या.

दुसरं बांधकाम नोव्हेंबर २०२२ चं. या वेळी सव्वाशे चिरे, सिमेंट आणि गावातलाच एक म्हातारा गवंडी. टाकी तेवढीच, दहा बाय सहा, अडीच फूट उंच. पण जमिनीत फक्त एक फूट, दीड फूट वर. खालच्या पाण्याने रिकामी टाकी उचलू नये हे पहिलं कारण. शिवाय अंगणात वाहणारं पाणी आत येत नाही, आणि नातवंडं आली की वहिनीला धाकधूक नाही. आतून एकास तीनचा गिलावा, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पाण्याची पातळी दोन फुटांवर धरली, म्हणजे सुमारे ३,४०० लिटर, आणि वर सहा इंच मोकळे. तळाला उताराच्या बाजूने दोन इंची पाइप आणि झडप. जमीन आगराकडे उतरती असल्यामुळे झडप उघडली की गाळपाणी आपोआप माडांना जातं. पातळीच्या रेषेवर सांडव्याचा दोन इंची पाइप, तोंडाला सपाट जाळी. ही जाळी लक्षात ठेवा.

काम संपल्यावर गवंडी म्हणाला, "आता केळीचा खुंट चिरून टाका, थोडं शेण कालवा आणि पंधरा दिवस बघू नका तिकडे." दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेण? अरे, वीस वर्षं मासे पाळतोय मी." त्याने तीन वेळा टाकी भरून रिकामी केली, गाळायंत्र जोडलं, आणि मुंबईहून येणाऱ्या भाच्याबरोबर दहा एंजल आणि वीस मॉली मागवल्या.

चौथ्या दिवशी एकही एंजल उरला नव्हता. मॉली अकरा राहिल्या. दादाचं पहिलं वाक्य, "दुकानदाराने आजारी माल दिला." मी पीएच मोजला, म्हणजे पाणी किती आंबट की चुनकट ते (७ म्हणजे मधोमध), तर ९.४.

नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण नुसता चुना माशाला मारतोच असं नाही. मासे श्वासाबरोबर अमोनिया टाकतात. जुन्या तळ्यात जिवाणूंची वस्ती झालेली असते, ती अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करते. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आमच्याकडे झाले होते चार दिवस. आणि अमोनिया किती विषारी ठरणार ते पीएचवर असतं. पीएच ७ असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग विषारी रूपात असतो. तेच पाणी ९ वर गेलं की चाळीसच्या घरात. म्हणजे डोंबिवलीच्या टाकीत जेवढी घाण मासे खुशाल सोसत होते, तेवढीच इथे चाळीस पटीने अंगावर आली. दुकानदार बिचारा निर्दोष होता.

मग खुंट आला. वहिनीनेच कोयत्याने चिरला, दोन पाट्या झाल्या. शेणाची मात्र एकच पाटी, तीही दादाने नाक धरून. दहाव्या दिवशी पाणी काळपट तपकिरी, वर फेस, आणि मागीलदारी उभं राहवत नव्हतं. ते कुजताना कार्बन डायऑक्साइड आणि सौम्य आम्लं तयार होतात, त्यांनी भिंतीवरच्या चुन्याचं साधं खडूसारखं कार्बोनेट बनतं आणि खालचा चुना सुटायचा मंदावतो. वर बुळबुळीत थर बसतो तो वेगळाच. अठराव्या दिवशी टाकी धुतली, विहिरीचं पाणी भरलं, दोन दिवसांनी पीएच ८. आणखी दोनदा पाणी बदललं तेव्हा ७.६ वर थांबला. गवंड्याला दादाने चहाला बोलावलं. खुंटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

गाळायंत्राबद्दल थोडं लिहितो, कारण या तळ्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम ते आहे. बाजारातले प्लास्टिकचे गोळे आणि सिरॅमिकच्या नळ्या महाग. आम्ही २०० लिटरचा निळा ड्रम घेतला आणि त्यात जांभ्याची खडी भरली, सुपारीएवढी, कडक, तांबडं पाणी जाईपर्यंत धुतलेली. जांभ्याला भोकं असतात म्हणून तो पाणी धरत नाही, आणि भोकं असतात म्हणूनच जिवाणूंना राहायला उत्तम. शिवाय त्यातलं लोखंड पाण्यातला फॉस्फेट धरून ठेवतं, म्हणजे शेवाळाचं अन्न कमी. ४० वॅटचा पंप पाणी ड्रममध्ये खालून चढवतो. महिन्याला वीज तीसेक युनिट. ड्रममधून पाणी एका लांबट वाफ्यात पडतं, वाफ्यात वाळू-खडी, आणि तिच्यात कर्दळ आणि अळू. मग ते पुन्हा तळ्यात. कोकणात मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावतात, तोच हा प्रकार. माशांची घाण खाऊन ते अळू असं माजलं की पानं सुपाएवढी झाली. फेब्रुवारी २०२३ ला मासे सोडले : उरलेल्या अकरा मॉली, आठ मोती गुरामी आणि पऱ्यातले वीसेक पॅन्चॅक्स, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले, महिनाभर डोणीत वेगळे ठेवून मग. डासांची अळी पॅन्चॅक्स गप्पीइतकीच चटपटीत खातो आणि तो इथलाच आहे. वहिनीला डासांचीच धास्ती होती, ती गेली.

दुसरा पावसाळा. जूनअखेर मॉली पिलावळीसकट साठ-सत्तर झाल्या होत्या. जुलैतल्या एका रात्री वारा सुटला, माडाची झावळ पडली आणि पडवीच्या पन्हळीचा अर्धा भाग हुकांतून निसटला. तोवर पन्हळ पागोळ्यांचं पाणी लांब गटारात नेत होती. आता ते सरळ तळ्यात पडायला लागलं.

आकडे मांडून बघू. तळ्यावर थेट पडणारा पाऊस काही विशेष नाही. साडेपाच चौरस मीटरच्या तळ्यात दिवसाला २०० मिलिमीटर पडला तरी अकराशे लिटर, तोही चोवीस तासांत. दोन इंची सांडव्याला तो चिल्लर आहे. पण मागच्या पाखाचं छप्पर साठ चौरस मीटरचं. तासाला ५० मिलिमीटर कोसळला, आणि जुलैत तो कोसळतो, तर छपरावरून तासाला तीन हजार लिटर. वरचे सहा इंच भरायला वीस मिनिटंही लागत नाहीत. तरी सांडवा चालू असता तर निभावलं असतं. पण सांडव्याच्या तोंडाशी ती सपाट जाळी, आणि जाळीवर एक फणसाचं पान.

एकच पान. पाण्याच्या ओढीने जाळीला असं चिकटलं होतं की पाइपातून थेंब थेंब गळत होतं. रात्री अडीच वाजता बॅटरीच्या उजेडात मी ते बोटाने सोललं तेव्हा पाइप घुसळल्यासारखा आवाज करत सुरू झाला. तोपर्यंत तळं चारही भिंतींवरून वाहत होतं, अंगणात घोट्याएवढं पाणी, आणि गवतात मॉली उड्या मारत होत्या. आम्ही तिघं चाळण, टोपलं, वहिनीचं पिठाचं चाळणं, जे हाताला लागलं ते घेऊन गोळा करत होतो. सतरा जिवंत मिळाल्या. तळ्यात बावीस उरल्या होत्या. गुरामी सगळ्या जागेवर, कारण त्या जोराच्या पाण्यात कोपऱ्यात दडी मारतात. बाकीच्या कुठे गेल्या? काही सकाळी कावळ्यांनी दाखवल्या. आगरातला चर मात्र पऱ्याला मिळतो, आणि पऱ्या नदीला.

इथे माझं आणि दादाचं वाजलं. तो म्हणाला, "वीस-पंचवीस मॉली पऱ्यात गेल्या तर काय पूर येणार आहे?" मी त्याला उजनीची आठवण दिली. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, इकडे आला तो काचेच्या टाक्यांतूनच, आणि आता तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, तिथे त्याला कोणी विकत घेत नाही. मॉली सकरइतकी दांडगी नाही, पण गोड्या पाण्यात राहते, खाऱ्यात राहते, खाडीच्या मचूळ पाण्यात तर मजेत राहते, आणि पोटात पिलं घेऊन फिरते. एक मादी पुरे. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे : ज्याच्या मागीलदारी पऱ्या आहे त्याने पऱ्यात तगेल असा परका मासा उघड्या तळ्यात ठेवू नये. दादाला ते अर्धंच पटलं. सकर आणि ऑस्करचा नाद त्याने सोडला, मॉलीचा नाही. पुढचे तीन महिने आम्ही दर रविवारी पऱ्याच्या कोंडीत चाळण फिरवली. मॉली मिळाली नाही. सापडले ते खेकडे आणि पॅन्चॅक्स.

दुरुस्ती मात्र एकमताने झाली. सांडवा तीन इंची केला आणि तळ्याच्या आत उभा बसवला. त्याच्याभोवती सहा इंची पाइपाची बाही, बाहीला बुडाशी खाचा. आता जास्तीचं पाणी वरून न जाता तळातून उचललं जातं, म्हणजे गाळ जातो आणि वर तरंगणारं पान जागेवर राहतं. खाचांना मिळून जागा इतकी की दहा पानं चिकटली तरी फरक पडत नाही. बाहेर पडलेलं पाणी आधी खडीच्या चरातून जातं, तिथे पिल्लू अडकतं. पन्हळीला हुकांऐवजी पट्ट्या ठोकल्या. हे सगळं मिळून दोन हजारांच्या आतलं काम, आणि टाकी बांधतानाच सुचायला हवं होतं.

पक्ष्यांचं थोडक्यात. वंचक बगळा भिंतीवर येऊन बसायचा, दीड फुटाची भिंत त्याला जणू बाकडंच. काठाच्या वर सहा आणि बारा इंचांवर तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ताणला, तो पायाला लागतो आणि दिसत नाही, म्हणून त्याने नाद सोडला. खंड्याला काही उपाय नाही. तो तारेवरून सूर मारतो आणि नेमकी लाल मॉली उचलतो. कुमुदिनीची पानं वाढली तसं त्याचं जरा कमी झालं. दिवड दोनदा आली. बिनविषारी आहे, बादलीतून पऱ्याला सोडली.

पक्ष्यांहून जास्त भीती मला हापूसची वाटते. आसपास कलमांच्या बागा आहेत, आणि पालवी फुटल्यापासून मोहोर टिकेपर्यंत तुडतुड्यांवर फवारण्या चालतात. डेल्टामेथ्रीनसारखी औषधं माणसाला आणि पाखराला जेवढी बाधतात त्याच्या कितीतरी पट माशाला बाधतात, पाण्यात अगदी नखभर गेली तरी. जानेवारी २०२४ मध्ये वाऱ्याने शेजारच्या फवाऱ्याचा धुका आला. तासाभरात गुरामी गिरक्या घ्यायला लागल्या. निम्मं पाणी बदललं, तरी तीन गेल्या. शेजारचे काका स्वतःच हळहळले, आता ते आदल्या संध्याकाळी हाक मारतात, "उद्या मारतोय रे, झाक!" मग ताडपत्री पडते, पंप चालू ठेवून. बागेच्या कडेला तळं करणाऱ्याने गाळायंत्राच्या आधी ताडपत्री घ्यावी.

तिसरा पावसाळा शांत जाईल असं वाटलं होतं. सांडवा चोख, पन्हळ पक्की. ऑगस्ट २०२४ ला वहिनी म्हणाली, "मॉलींना थंडी भरलीय बघा." खरंच, जागच्या जागी थरथरत होत्या, पर मिटलेले, दोघींच्या अंगावर कापसासारखी बुरशी. गुरामी आणि पॅन्चॅक्स मात्र ठणठणीत. हे चित्र दिसलं की आधी पाणी मोजावं, औषधाच्या बाटलीला नंतर हात घालावा. पीएच ६.१, आणि क्षारता, म्हणजे पाण्याची आंबटपणा थोपवायची ताकद, जवळपास शून्य.

आमच्या विहिरीचं पाणीच जांभ्यातून आलेलं, त्यात चुना नावाला. पावसाच्या पाण्यात तेवढाही नाही. दोन महिने पाऊस तळ्यात पडत राहिला आणि सांडव्याने जुनं पाणी नेलं, म्हणजे तळं पार धुऊन निघालं. मग आदल्या वर्षी हे का झालं नाही? कारण आदल्या वर्षी भिंती नव्या होत्या. ज्या चुन्याने एंजल मारायला मदत केली, त्याच्याच शिल्लकीवर मॉलींनी या टाकीतला पहिला पावसाळा काढला. दुसऱ्या वर्षी भिंतींवर शेवाळाचं अस्तर बसलं आणि ती शिदोरी संपली. मॉलीला मुळात जड, चुनखडीचं पाणी लागतं. गुरामी आणि पॅन्चॅक्स हलक्या पाण्याचेच.

यावर औषध वहिनीच्या स्वयंपाकघरात होतं. रविवारी रांधलेल्या तिसऱ्यांचे (खाडीतल्या कालवांसारख्या जिवांचे) शिंपले. उकळून, मांस काढून, उन्हात वाळवून कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरले, चार किलो, आणि पिशवी ड्रमच्या तोंडाशी टांगली. शिंपला म्हणजे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट झालं की तो विरघळतो, पाणी ताळ्यावर आलं की थांबतो, मात्रा मोजावी लागत नाही. घाई होती म्हणून पहिले तीन दिवस थोडा थोडा खायचा सोडाही घातला. आठवड्याने पीएच ७.१, थरथर थांबली. चार मॉली गेल्या, बाकीच्या उभ्या राहिल्या. आता मृगाआधी नवी पिशवी टांगायची आणि दिवाळीला चाचपून बघायची, असा शिरस्ता आहे. शिंपल्यांच्या कडा कागदासारख्या पातळ झालेल्या असतात.

त्याच पावसाळ्यात एकदा चौदा तास वीज नव्हती. ढगाळ दिवस, त्यामुळे पाणवनस्पतींकडूनही प्राणवायू कमी. पहाटे मॉली पाण्याच्या कातडीशी तोंडं लावून. गुरामीला फिकीर नाही, ती वरची हवा घेते. दादाने डोणीतून कळशीने पाणी घेऊन उंचावरून ओतायला सुरुवात केली आणि उजाडेपर्यंत ओतत राहिला. पुढच्या आठवड्यात बॅटरीवरचा हवेचा पंप आला.

आज तळ्यात तीसेक मॉली आहेत, पाच गुरामी, आणि पॅन्चॅक्स किती ते मोजता येत नाही. एंजल पुन्हा आणायचं दादा अधूनमधून काढतो. अळवाचं फतफतं आठवड्याला एकदा होतंच. तळाची झडप गळायला लागली आहे, ती बदलायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. दादा म्हणत होता, गणपतीत मुलं येतील तेव्हा सगळे मिळून करू. मी त्याला विहिरीजवळ नेऊन खाली बघायला लावलं. झडप मेमध्ये बदलायची ठरली आहे, मृग लागायच्या आत.